मुक्या जिवाचा अंतकाळ आणि आपले कर्तव्य

सायंकाळची आरती झाल्यावर देवळाच्या ओट्यावर घटकाभर बसणाऱ्या मंडळींत नाना विषय निघतात. त्यांतील एक विषय असा आहे की, तो निघाला म्हणजे बोलणारा आवाज खाली आणतो आणि ऐकणारे दुसरीकडे पाहू लागतात. घरात पाळलेला, अंगाखांद्यावर वाढलेला मुका जीव असाध्य व्याधीने तळमळू लागला आणि 'आता इंजेक्शन देऊन त्यास सोडवावे' असे पशुवैद्याने सुचविले, तर गृहस्थाने काय करावे? हो म्हणावे तर हत्येचे पातक माथी येते असे वाटते. नाही म्हणावे तर डोळ्यांदेखत चाललेल्या यातनांचे आपण साक्षीदार होतो. नव्हे, भागीदार होतो.

या प्रश्नाचा विचार आम्ही येथे करणार आहोत. आम्ही शास्त्री नाही, की पशुवैद्य नाही. आमचे शिक्षण शाळेपुरतेच झाले. पुढे जे काही कानी पडले ते देवळातील पुराणश्रवणाने आणि तीर्थरूप अण्णांच्या पूजेच्या तयारीत हाताशी राहिल्याने. तथापि हा प्रश्न आमच्या घरी पाहुण्यासारखा नव्हे, तर सावकारासारखा दारात येऊन बसला आणि उत्तर घेतल्यावाचून उठला नाही. जे उत्तर दिले ते बरोबर होते की चूक, याचा हिशेब अजून मनात चालू आहे. तो हिशेब सभासद कुटुंबांपुढे मांडावा, एवढाच या लेखाचा हेतू.

२०१० सालच्या पावसाळ्यात आमच्या देवळाच्या फाटकापाशी कोणी एक पिलू पोत्यात गुंडाळून ठेवून गेले. आम्ही तेव्हा बारा वर्षांचे होतो. दत्ताचे देऊळ, मूर्तीच्या पायांशी चार श्वान. त्यांस चार वेद मानण्याची परंपरा आहे, हे अण्णांनी आम्हांस लहानपणीच सांगितले होते. तेव्हा फाटकाशी आलेला हा पाचवा परत कसा पाठवावा, असा बालबुद्धीचा युक्तिवाद आम्ही केला आणि आश्चर्य असे की, तो मान्य झाला. त्याचे नाव मोत्या. सोवळ्यात असलेल्या अण्णांस त्याने कधी स्पर्श केला नाही. त्यांचे ओले धोतर दिसले की तो आपण होऊन चार पावले मागे सरे. दुपारी नैवेद्य झाल्यावर त्याचा दहीभात वेगळा निघे. पादत्राणे ठेवण्याच्या जागेजवळ पायरीच्या सावलीत तो चौदा वर्षे बसला. आज जी मुले कॉलेजात जातात, त्यांतील कित्येकांनी पहिले पाऊल टाकताना त्याच्या पाठीचा आधार घेतला आहे.

२०२४ च्या शिशिरात त्याचे पाणी पिणे एकाएकी वाढले. मग अंग झडू लागले, उलट्या सुरू झाल्या, तोंडास एक उग्र वास येऊ लागला. रक्त तपासून पशुवैद्यांनी सांगितले की, मूत्रपिंडे गेली. या व्याधीचा कपटीपणा असा की, मूत्रपिंडांचा फार मोठा भाग निकामी झाल्यावाचून बाहेर लक्षणच दिसत नाही. दिसते तेव्हा जे गेले ते परत येण्यासारखे नसते. दोन महिने आम्ही त्याच्या कातडीखाली सलाइन देत राहिलो, पथ्याचे अन्न करीत राहिलो. चैत्र बरा गेला. वैशाखात तोंडात व्रण पडले, अन्न सुटले आणि मागचे पाय उचलेनासे झाले. अक्षय्य तृतीयेच्या आदल्या दिवशी पशुवैद्य घरी आले. त्यास तपासून त्यांनी हात धुतले आणि गुजरातीत एवढेच म्हणाले की, आता मी जे काही करीन ते त्याच्यासाठी नसून तुमच्या समाधानासाठी असेल. त्याच्यासाठी करण्यासारखे एकच उरले आहे.

त्या दिवसापासून आमच्या घरात जो वाद झाला, तो वस्तुतः आमच्या एकट्याच्या घरातला नव्हे. म्हणून त्यांतील आक्षेप एकेक घेऊन पाहू.

पहिला आक्षेप असा की, जो प्राण आपण देऊ शकत नाही तो घेण्याचा आपणांस अधिकार नाही. आमच्या शेजारी राहणाऱ्या जैन काकांनी हाच मुद्दा मांडला, आणि तो रागाने नव्हे तर डोळ्यांत पाणी आणून मांडला. गुजरातेत पांजरपोळींची परंपरा जुनी आहे. म्हातारी, लंगडी, आंधळी जनावरे तेथे आपल्या मरणाने मरेपर्यंत सांभाळली जातात. त्यांना चारा घालणारे हात कंटाळत नाहीत. या परंपरेपुढे आम्ही नतमस्तक आहोत. जनावर उपयोगाचे उरले नाही म्हणून त्यास मारणाऱ्या जगात ही संस्था एक दीपस्तंभच होय.

परंतु याच गुजरातेत, याच प्रश्नावर, जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी एक मोठा वाद झाला होता, त्याचे स्मरण येथे उपयोगी पडेल. १९२८ साली साबरमतीच्या आश्रमात एक वासरू जायबंदी होऊन पडले. उपचार झाले, शुश्रूषा झाली. परंतु त्यास कूस बदलण्याचीही शक्ती उरली नाही आणि डॉक्टरांनी आशा सोडली. महात्मा गांधींनी आश्रमातील सहकाऱ्यांशी विचारविनिमय केला. तेथेही कोणी हाच आक्षेप घेतला की, जे देता येत नाही ते घेता येत नाही. शेवटी गांधींच्या उपस्थितीत डॉक्टरांनी सुई टोचली आणि दोन मिनिटांच्या आत सर्व संपले. ही गोष्ट त्यांनी लपविली नाही. 'नवजीवन' आणि 'यंग इंडिया' या आपल्या पत्रांत तिच्यावर स्वतःच लेख लिहिला, आणि त्यामुळे त्यांच्यावर निषेधाच्या पत्रांचा वर्षाव झाला. त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ असा की, रोग्याच्या हितासाठी शस्त्रवैद्य शरीर कापतो त्यास आपण हिंसा म्हणत नाही. हिंसा ठरते ती स्वार्थाने, क्रोधाने, दुसऱ्यास दुखविण्याच्या बुद्धीने. निव्वळ प्राण न घेणे म्हणजे अहिंसा नव्हे.

गांधींनी केले म्हणून ते योग्यच, असे आमचे म्हणणे नाही. त्या वेळी त्यांच्याशी असहमत होणारे लोकही सद्भावनेचेच होते, आणि आजही आहेत. आम्हांस त्यातून एवढेच घ्यावयाचे आहे की, ज्या पुरुषाने अहिंसा हे आपले जीवनव्रत मानले त्यासही या प्रसंगी व्रताच्या शब्दापाशी थांबता आले नाही. महाभारताच्या कर्णपर्वात कौशिक ब्राह्मणाची कथा आहे. खरे बोलण्याचे त्याचे व्रत. लुटारूंनी विचारले तेव्हा लपलेल्या वाटसरूंची जागा त्याने सांगून टाकली, आणि ते निरपराध लोक मारले गेले. व्रत तंतोतंत पाळूनही त्यास नरक मिळाला, असे श्रीकृष्ण अर्जुनास सांगतात. व्रताचे अक्षर राखले की आपण सुटलो, असे धर्म मानीत नाही. आपल्या व्रतापायी दुसऱ्यावर काय ओढवते, तेही धर्म पाहतो.

दुसरा आक्षेप प्रारब्धाचा. प्रत्येक जीव आपले भोग भोगावयास आला आहे; ते भोगून संपले पाहिजेत; मध्येच सोडवाल तर उरलेले पुढच्या जन्मी भोगावे लागतील. हा आक्षेप आमच्या आईचा होता, आणि तो घेताना ती मोत्याच्या तोंडातील व्रण ओल्या फडक्याने पुसत होती. आम्ही तिला विचारले की, भोग जर भोगूनच संपवावयाचे, तर हे फडके तरी कशाला? मग सलाइन कशाला, औषध कशाला? त्या न्यायाने तहानलेल्यास पाणी देणे हीदेखील प्रारब्धात ढवळाढवळच ठरेल. आणि नाथांनी काशीहून आणलेली गंगेची कावड तळमळणाऱ्या गाढवाच्या मुखी ओतली, ती सर्वांत मोठी ढवळाढवळ ठरेल! नाथांनी त्या गाढवाचे प्रारब्ध विचारले नाही. त्याची तहान पाहिली.

परंतु येथे आम्ही आमच्या युक्तिवादाचीच एक दुबळी बाजू कबूल केली पाहिजे. आई म्हणाली, "पाणी दिलेले चुकले तर उद्या सुधारता येते. ही सुई सुधारता येत नाही." या वाक्याचे उत्तर आमच्यापाशी तेव्हा नव्हते आणि आजही नाही. औषध आणि ही सुई यांत भेद आहे. तो पुसून टाकणे अप्रामाणिकपणाचे होईल. त्या भेदाचा अर्थ इतकाच की, या निर्णयापर्यंत येण्यापूर्वी माणसाने शंभर वेळा थांबावे. कधीच येऊ नये, असा त्याचा अर्थ नव्हे.

तिसरा आक्षेप सर्वांत सूक्ष्म आहे, आणि तो अण्णांचा होता. ते म्हणाले, "त्याचे दुःख संपवावयाचे आहे, की ते पाहण्याचे आपले दुःख संपवावयाचे आहे, हे आधी तपास. भरत राजाचे हरिण आठव."

भागवताच्या पाचव्या स्कंधातील ही कथा आपणां सर्वांस परिचित आहे. राज्य सोडून वनात गेलेला भरत नदीत वाहून चाललेल्या एका हरिणाच्या पाडसास वाचवितो, वाढवितो, त्याच्यात इतका गुंततो की मरतेवेळी त्याच्या चित्तात परमेश्वर नसून ते हरिण असते. आणि पुढचा जन्म त्यास हरिणाचा येतो. आम्ही वाढलो ते ही कथा आसक्तीविरुद्धचा इशारा म्हणून ऐकतच. अण्णांच्या बोलण्याने आमच्या मनाचा एक दरवाजा उघडला आणि आत जे दिसले ते सुखावह नव्हते. रात्री दोनदा उठून त्याची कूस बदलावी लागे, अंथरूण बदलावे लागे. आम्ही थकलो होतो. हे संपावे, असे वाटण्यात केवळ त्याची करुणा नव्हती, आमचा थकवाही होता. हे लिहावयास लाज वाटते. परंतु ज्या घरी असा प्रसंग येतो त्या प्रत्येक घरी हा थकवा येतो, आणि त्याविषयी कोणी बोलत नाही म्हणून तो मनात पापासारखा कुजत राहतो. थकणे हे पाप नव्हे. थकव्यास करुणेचे नाव देणे मात्र धोक्याचे.

पण त्याच दरवाजातून दुसरेही एक सत्य दिसले. पशुवैद्यांनी सांगितल्यापासून आम्ही बारा दिवस लावले. आधी म्हणालो, अक्षय्य तृतीया होऊन जाऊ दे. मग म्हणालो, बहीण सासरहून येऊन त्यास पाहून जाऊ दे. मग वार बरा नव्हता. एके सकाळी त्याने दोन घास दही चाटले, तेव्हा म्हणालो, पहा, सुधारतो आहे! त्या बारा दिवसांत तो एकदाही स्वतः उठला नाही. शेवटच्या तीन रात्री तो कण्हत होता. आणि मोत्या हा आयुष्यात कधी कण्हणारा प्राणी नव्हता. ते बारा दिवस आम्ही कोणासाठी घेतले? त्याच्यासाठी नव्हे. भरत राजाची आसक्ती आमच्यात होती ती इंजेक्शन देण्यात नव्हती. न देण्यात होती. अण्णांनी दिलेला दृष्टांत आमच्यावर लागू पडला, परंतु उलट बाजूने.

हे आम्ही अण्णांस सांगितले. ते पुष्कळ वेळ काही बोलले नाहीत. शेवटी म्हणाले, "मी हो म्हणणार नाही. नाहीही म्हणणार नाही. तू ठरव. पण ठरविलेस तर त्याच्यापाशी तू बस. दुसऱ्या कोणास बसवू नकोस." या वाक्यात आम्हांस या सर्व प्रश्नाचे सार सापडले, असे आज वाटते.

महाप्रस्थानिक पर्वात पांडव हिमालयाकडे निघाले तेव्हा हस्तिनापुरापासून एक श्वान त्यांच्यामागे चालू लागला. द्रौपदी पडली, चौघे भाऊ पडले. श्वान चालतच राहिला. इंद्र रथ घेऊन आला आणि म्हणाला, याला सोड आणि वर चढ. युधिष्ठिराने स्वर्ग नाकारला, श्वान सोडला नाही. भक्ताचा त्याग हे ब्रह्महत्येइतके मोठे पाप आहे, असे तो म्हणाला; आणि तो श्वान म्हणजे प्रत्यक्ष धर्म होता. ही कथा पुष्कळदा इंजेक्शनाच्या विरुद्ध सांगितली जाते. परंतु वाचकांनी नीट विचार करावा: युधिष्ठिराने कोणती गोष्ट नाकारली? मरण नव्हे. मरण तर त्या वाटेवर सर्वांसच होते. त्याने नाकारला तो त्याग. ज्याने आपल्यावर विसंबून पावले टाकली त्यास वाटेत सोडून एकटे पुढे जाणे, हे त्याने नाकारले. यक्षाने सर्वश्रेष्ठ धर्म विचारला तेव्हाही याच पुरुषाने जे उत्तर दिले ते 'आनृशंस्य', म्हणजे निष्ठुरतेचा अभाव, हेच होते.

या दृष्टीने आपल्या समाजात काय चालते ते पाहिले तर मान खाली जाते. सुई द्यावयास नको, पाप लागेल, असे म्हणणारे गृहस्थ म्हातारे, खरजेने पोखरलेले कुत्रे गाडीत घालून विश्वामित्रीच्या पलीकडे दूर सोडून येतात. कोणी देवळाच्या फाटकाशी आणून ठेवतात. देवाच्या दारी ठेवले म्हणजे आपण सुटलो! तो प्राणी अनोळखी रस्त्यावर, इतर कुत्र्यांच्या दातांत, तहानेने, आपल्या माणसाच्या वासाचा शोध घेत मरतो. त्याच्या मरणास बोट लागले नाही म्हणून हे गृहस्थ स्वतःस निष्पाप समजतात. आमच्या नम्र मते, जगात मुक्या प्राण्यावर होणाऱ्या अन्यायांत यापरते मोठे पातक थोडेच असेल. मोत्या आमच्याकडे पिलू म्हणून असाच आला होता. फाटकाशी ठेवलेल्या प्रत्येकास आमच्यासारखे बारा वर्षांचे पोर भेटत नाही.

तेव्हा 'मारावे की न मारावे' असा प्रश्न मांडण्याऐवजी 'सोडावे की न सोडावे' असा तो मांडावा. औषध चालू असता त्यास सोडू नये. औषध संपल्यावर सोडू नये. अंत आपल्या निर्णयाने येत असेल तर त्या क्षणीही सोडू नये. आणि ज्यांचे मन या सुईस अखेरपर्यंत तयार होत नाही, त्यांनी पांजरपोळीच्या सेवेकऱ्याप्रमाणे रात्रंदिवस पाशी बसावे, वेदनाशामक औषध द्यावे, कूस बदलावी. त्यांच्या मार्गासही आम्ही उणे म्हणत नाही. परंतु तो मार्ग घ्यावयाचा तर पुरता घ्यावा. इंजेक्शनही नको आणि शुश्रूषाही नको, असा तिसरा मार्ग धर्मात नाही.

आता निर्णयाच्या मर्यादा. म्हातारपण ही व्याधी नव्हे. आंधळा, बहिरा, लंगडा प्राणी वर्षानुवर्षे सुखाने जगतो. खर्च, गैरसोय, घर बदलणे, अंथरूण घाण होणे ही कारणे नव्हेत. व्याधी असाध्य आहे असे एका पशुवैद्याने सांगितले तर शक्य असल्यास दुसऱ्यास विचारावे. मग आपल्या प्राण्याकडे पाहावे: तो खातो का? उठतो का? त्यास झोप लागते का? जी गोष्ट त्यास सर्वांत प्रिय होती तिच्याकडे तो मान तरी वळवितो का? कॅलेंडरावर बऱ्या दिवसापुढे एक खूण आणि वाईट दिवसापुढे दुसरी, असे दोन आठवडे करून पाहावे. मन फसविते, खुणा फसवीत नाहीत. आपल्या देशाचा कायदाही या विषयी मुका नाही. १९६० च्या प्राणिक्रौर्य प्रतिबंधक कायद्याने प्राण्यास अनावश्यक क्रूरपणे मारणे हा गुन्हा ठरविला आहे, आणि त्याच कायद्याच्या तेराव्या कलमात, ज्यास जिवंत ठेवणेच क्रूरपणाचे ठरेल अशा प्राण्याच्या अंताची तरतूदही आहे. क्रूरता दोन्ही बाजूंनी होऊ शकते, हे कायदा करणाऱ्यांनीही ओळखले होते.

प्रत्यक्ष प्रसंगाविषयी चार शब्द सांगणे आवश्यक आहे. कारण अज्ञानाने भीती दुणावते. पशुवैद्य बहुधा प्रथम गुंगीचे औषध देतात. देत नसतील तर ते मागून घ्यावे. प्राणी शांत झोपला की पुढच्या पायाच्या शिरेतून भूल देण्याचेच औषध फार मोठ्या मात्रेत देतात. काही क्षणांत शुद्ध हरपते, मग श्वास थांबतो, मग हृदय. डोळे मिटत नाहीत, हे आधी माहीत असावे. श्वास थांबल्यावरही एखादा उसासा येतो, एखादा स्नायू थरथरतो, मूत्र सुटते. ती वेदना नव्हे, त्या वेळी जाणीव उरलेली नसते. शक्य तर हे घरी, त्याच्या नेहमीच्या जागी करावे. मुलांस खोटे सांगू नये. 'पळून गेला' असे सांगितलेले मूल वर्षभर रस्त्यावर त्यास शोधीत राहते. पुरण्यासाठी खड्डा खोल घ्यावा आणि विहिरीपासून दूर घ्यावा. ते औषध देहात उरते, आणि तो देह उकरून खाणाऱ्या दुसऱ्या प्राण्यास अपाय करते. एकास सोडविताना दुसऱ्यास मारू नये.

वैशाखी पौर्णिमेच्या दोन दिवस आधी, सकाळची पूजा आटोपल्यावर, पशुवैद्य आले. मोत्या पायरीपाशी त्याच्या जागेवर होता. आम्ही त्याचे डोके मांडीवर घेतले. आईने त्याच्या अंगावरची चादर सारखी केली आणि ती आत गेली नाही, उभी राहिली. जैन काका फाटकाबाहेर आले होते. ते आत आले नाहीत, परंतु हात जोडून, डोळे मिटून, सर्व संपेपर्यंत तेथेच काही म्हणत राहिले. ज्याच्याशी आपले मत जुळत नाही त्याच्या दुःखात असे उभे राहता येते, हे आम्ही त्या दिवशी शिकलो.

अण्णा गाभाऱ्यात होते. गुंगीचे औषध लागू लागले तेव्हा ते तीर्थाची पळी घेऊन बाहेर आले. अंगावर सोवळे होते. मोत्याने सवयीने मागे सरण्याचा प्रयत्न केला. पाय हलले नाहीत, मान तेवढी हलली. अण्णा खाली बसले. त्यांनी तीर्थ त्याच्या ओठांवर सोडले आणि चौदा वर्षांत पहिल्यांदा त्या वस्त्रानिशी त्याच्या मस्तकावर हात ठेवला. सुई होईपर्यंत तो हात तेथेच होता. नंतर ते उठले, विहिरीवर गेले, पुन्हा स्नान केले आणि दुपारच्या नैवेद्यास लागले. आम्हांस ते एक अक्षर बोलले नाहीत. हो ते म्हणाले नव्हते, आणि त्या दिवशीही म्हणाले नाहीत.

त्यानंतर कित्येक रात्री आम्ही जागेच होतो. आपण घातकी आहोत असा विचार येई. ज्याने आपल्या मांडीवर विश्वासाने डोके ठेवले, त्याचाच आपण विश्वासघात केला, असे वाटे. ज्यांच्या घरी हे घडले आहे त्यांस हा विचार ओळखीचा असेल. त्यांस आम्ही एवढेच सांगू इच्छितो की, या टोचणीस शत्रू मानू नये. ज्यास असा निर्णय घेऊन काहीच टोचले नाही, त्याने तो फार स्वस्तात घेतला असेल. टोचणी ही प्रीतीची सावली होय. दोन्ही एकाच वेळी येतात. मात्र तिची नीट चौकशी करावी. आम्ही आमच्या टोचणीस विचारले, तेव्हा ती सुईकडे बोट दाखवीत नाही, त्या बारा दिवसांकडे दाखविते, असे आढळले. त्या तीन रात्रींच्या कण्हण्याबद्दल आम्ही मोत्याची क्षमा मागितली आहे. सुईबद्दल मागितली नाही. यात आम्ही चुकत असू तर तो हिशेब ज्याचा त्याच्यापाशी आहे.

दुःखाविषयीही एक शब्द. 'कुत्र्यासाठी कोणी इतके रडते काय?' असे म्हणणारे भेटतील. ज्ञानी पुरुष विद्वान ब्राह्मण, गाय, हत्ती आणि श्वान यांत एकच तत्त्व पाहतो, हे गीतेने पाचव्या अध्यायात सांगितले आहे. पोळी घेऊन पळणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणाऱ्या नामदेवांची कथा आपण कीर्तनात कौतुकाने ऐकतो. मग त्याच जातीच्या जिवासाठी शेजाऱ्याने अश्रू गाळले तर त्यास हसण्याचे काय कारण? अशा घरी जावे, दोन घटका बसावे, त्या प्राण्याचे नाव घेऊन बोलावे. सुतक नसले म्हणून समाचारही नसावा, असे कोठे सांगितले आहे?

परसात प्राजक्ताखाली आम्ही खड्डा खणला. चौदा वर्षांचा सहवास, आणि जागा लागली अडीच हात. पायरीवरची त्याची जागा अजून कोणी घेतलेली नाही. आरतीस येणारी जुनी मंडळी अजूनही तेथे पाय जपून टाकतात.

सभासद बंधुभगिनींस शेवटी एकच विनंती. आपल्या दारी एखादा मुका जीव वाढत असेल तर त्याच्या शेवटाचा विचार त्याच्या चांगल्या दिवसांतच घरात एकदा बसून करावा. वाईट दिवसांत माणूस विचार करीत नाही, दिवस ढकलतो. आणि ज्यांस त्या जिवाचा भार आता नको झाला आहे, त्यांनी त्यास देवळाच्या फाटकाशी आणून ठेवण्यापूर्वी आत यावे, दत्ताच्या पायांशी बसलेल्या त्या चौघांकडे घटकाभर पाहावे, आणि मग काय ते ठरवावे.